प्रतिसाद: बाहेरची कीड बागेच्या फाटकावरच अडवा

वर एका भाऊंनी लिहिलंय की परदेशी कीड रोखणं हे विमानतळावरच्या तपासणीचं काम, शेतकरी काय करणार? मला हे पटत नाही. परदेश दौऱ्यावरून येताना द्राक्षाच्या चार काड्या लावायला म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत आणणारे आपलेच लोक असतात. कृपा करून आणू नका. 1860च्या दशकात अमेरिकेतल्या रोपांबरोबर फायलोक्सेरा नावाचा बारीक किडा फ्रान्सला पोहोचला आणि मुळांतला रस शोषून त्याने द्राक्षाच्या बागाच्या बागा संपवल्या. खात्रीचं औषध सापडलं नाही, अमेरिकन खुंटावर (कलमाखालच्या मुळाकडच्या वेलावर) कलम करूनच बागा पुन्हा उभ्या राहिल्या. आपण डॉगरिज हा खुंट लावला तो क्षार आणि पाणीटंचाई सोसतो म्हणून, पण खुंटाची किंमत जगाला या किडीनेच शिकवली.

आमच्याकडे दिंडोरीत छाटणीची टोळी सकाळी एका बागेत, दुपारी दुसरीकडे. कात्रीच्या पात्यावर चीक, मातीचा थर तसाच. जिवाणूजन्य करपा असाच हिंडतो, मग उद्या नवा रोग आला तर तोही याच वाटेने हिंडेल. यंदा मी फाटकाशी हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या पाण्याची बादली ठेवली, कात्री बुडवल्याशिवाय आत नाही. मुकादम आधी कुरकुरला, आता स्वतःच आठवण करतो. दुसऱ्याच्या बागेतून आलेले क्रेट आणि ट्रॅक्टरची चाकंही बाहेरच धुतो.

रोपं घेताना नर्सरीचं बिल जपून ठेवा, कोणती ओळ कुठली हे वहीत लिहा. ओळखू न येणारं काही दिसलं तर पान तोडून गावभर दाखवत फिरू नका. फोटो काढा, झाडाला फीत बांधा आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला कळवा.