१६ फुटी बोटीत आधी काय अपग्रेड करू?

मी कोथरूडचा, बोट मांडव्याला असते, ४० एचपी आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) आहे. फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र), एलईडी आणि स्पीकर टाकायचेत, वायर पुण्याच्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रिकच्या दुकानांची गल्ली) आणली तर चालेल ना?

उत्तर १: दादा साधी तांब्याची वायर नको, खाऱ्या हवेत आतून हिरवी पडते आणि बाहेरून काहीच कळत नाही, टिन केलेली (तांब्यावर कथिलाचा थर असलेली) मरीन वायरच घे, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. स्पीकरसाठी वेगळी डीप सायकल बॅटरी (बरीच उतरली तरी चालणारी) लाव, नाहीतर गाणी ऐकता ऐकता इंजिन स्टार्ट करायची बॅटरी उतरेल आणि भर समुद्रात बसशील. आधी फ्लोट स्विचवाला बिल्ज पंप (तळात पाणी साचलं की आपोआप उपसणारा) मात्र टाक, तो थेट बॅटरीवर, मेन स्विच बंद असला तरी चालला पाहिजे!

उत्तर २: एलईडी हौसेने लाव पण रात्री इतर बोटींना दिसायचे दिवे डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा हे बदलू नकोस. रेलिंग भोसरीत बनवून घेणार असशील तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेसच सांग, ३०४ ला समुद्रावर गंजाचे डाग येतात.

उत्तर ३: वजन वाढलं की फुल थ्रॉटलला आरपीएम बघ, कंपनीने दिलेल्या रेंजच्या खाली आला तर कमी पिचचा (एका फेरीत कमी पुढे नेणारा) प्रॉपेलर लागेल.