मदत हवी आहे: बोर्डाच्या निवडणुकीचा अर्ज, तीनच दिवस राहिलेत

खानापूर_डीटीपी
नमस्कार. बोर्डाच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरवलंय. निवेदन ७५ शब्दांत बसवा म्हणतात, माझं साडेतीनशेच्या खाली येत नाही. इंग्रजी आपलं कामापुरतं. शिवाय 'कुठल्या कंपनीशी संबंध' असा एक रकाना आहे, तिथं काय लिहू? कुणी आधी उभं राहिलं असेल तर लगेच सांगा की ओ. दिवसभर दुकानात गिऱ्हाईक असतंय, बसायला रात्रच मिळते.

चिकोडी_मास्तर
आधी मतदारयादीत नाव आहे का बघा. बाकीदार नसल्याचा दाखला काढून ठेवा. सूचक आणि अनुमोदक दोघेही सभासद हवेत, सही यादीतल्यासारखीच हवी. आमच्या पतसंस्थेत गेल्या खेपेला सही जुळली नाही म्हणून एक अर्ज बाद झाला. आणि पॅनेलमधून उभे राहा, एकट्याला कोण विचारत नाही.

राकसकोप
मास्तर, पतसंस्था ७५ शब्दांचं निवेदन कशाला मागेल? डीटीपीवाले, बोर्ड कुठलं ते सांगा आधी.

खानापूर_डीटीपी
लिब्रेऑफिसचं हो, ते फुकटचं ऑफिसकामाचं सॉफ्टवेअर. त्यामागची संस्था, द डॉक्युमेंट फाउंडेशन. सॉफ्टवेअरच्या विभागात लिहिलंय म्हणजे कळेल वाटलं.

मलप्रभा_काठ
वा, आपल्या भागातून कुणीतरी उभं राहतंय याचाच आनंद झाला. ही बर्लिनला नोंदलेली धर्मादाय संस्था आहे. बोर्डावर सात जण, मुदत दोन वर्षं, काम बिनपगारी. एकाच कंपनीची माणसं बोर्डावर एक तृतीयांशाहून जास्त नकोत असा नियम आहे, म्हणजे सातांत दोन. तो रकाना त्यासाठीच. तुम्हाला पैसे कोण देतं ते सरळ लिहायचं. दुकान स्वतःचं ना?

खानापूर_डीटीपी
स्वतःचं. पुण्याच्या एका कंपनीकडून भाषांतराचं काम मात्र दर महिन्याला येतं.

मलप्रभा_काठ
हे आधी सांगायचं! तेही लिहा. लहान काम असलं तरी लिहा.

नंदगड_७
मी वेगळं सांगतो, राग मानू नका. बोर्डात जाऊन काय करणार? तिथं कोड लिहीत नाहीत. देणग्यांचं बजेट, निविदा, ट्रेडमार्क, करार, हेच चालतं. तांत्रिक निर्णय अभियांत्रिकीची वेगळी समिती घेते. हिवाळ्यात बर्लिन आपल्या साडेचार तास मागं असतं, तिथली संध्याकाळी सहाची बैठक म्हणजे इथं रात्रीचे साडेदहा. त्यापेक्षा तोच वेळ भाषांतराला द्या.

राकसकोप
असं कसं ओ? पैसे कशावर खर्चायचे ते बोर्ड ठरवतं, मग तिथं आपल्या लिप्यांचं दुखणं माहीत असलेला माणूस नको? सगळे जर 'आपण आपलं भाषांतर करू' म्हणाले तर निविदा कुणाच्या गरजेच्या निघणार?

नंदगड_७
निवडून आलं तर ना. तीन वर्षं दुसऱ्या एका संस्थेच्या समितीवर होतो. त्या तीन वर्षांत माझ्या हातून एक ओळ कोड लिहून झाला नाही. अनुभवानं बोलतोय.

खानापूर_डीटीपी
मला का उभं राहायचंय ते सांगतो. आमच्याकडं लग्नपत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मराठीच्या जुन्या फायली वेगळ्या फॉन्टात, कन्नड नुडीत, म्हणजे कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरात. गेल्या वैशाखात एक जुनी पत्रिका फुकटच्या कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणली, तर 'सोयऱ्यांना'चं 'सोयर्यांना' झालं. चारशे पत्रिका छापून झाल्या होत्या. मुलीच्या वडिलांनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा जमिनीत जावंसं वाटलं. पुन्हा छापून दिल्या. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन वेगळे शब्द आहेत हे शब्दलेखन तपासणीला कळायला हवं, आणि त्याला पैसा लागला तर बोर्डात कुणीतरी बोलायला हवं. माझी मुलगी मराठी शाळेत आहे, कन्नडही शिकते. तिला दोन्ही भाषा एकाच फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट मिळाव्यात, एवढंच माझं मागणं.

मलप्रभा_काठ
निवेदनात हेच घाला. सोयऱ्यांची गोष्ट दोन वाक्यांत, मग काय करणार ते एका वाक्यात. बाकीचं कापा.

उद्यमबाग_फौंड्री
नुडीची फाईल उघडल्यावर अक्षरं बिघडतात ना? आधी युनिकोडमध्ये बदला, मग उघडा. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकलात तर मराठी-कन्नड दोन्हीला कळांची जागा जवळपास तीच.

शहापूर_पेठ
दुकानांच्या पाट्यांचंही सांगा कुणीतरी. कर्नाटकात २०२४ च्या कायदादुरुस्तीनं पाटीवर साठ टक्के कन्नड हवं. डीटीपीवाल्यांकडं नवीन मापाच्या पाट्या करून मिळतात का? आमची अजून जुनीच आहे.

राकसकोप
पाट्यांसाठी वेगळा धागा काढा हो. इथं तीन दिवस राहिलेत माणसाचे.

नंदगड_७
एक विचारायचं राहिलं. डीटीपीवाले, तुम्ही सभासद कधी झालात?

खानापूर_डीटीपी
चार वर्षं वेबलेटवर, म्हणजे लिब्रेऑफिसच्या भाषांतराच्या साइटवर, काम करतोय. खातं आहे की.

नंदगड_७
वेबलेटचं खातं म्हणजे सभासदत्व नव्हे. सभासदत्वासाठी वेगळा अर्ज लागतो: निदान तीन महिने काम केलेलं, पुढं सहा महिने करायची तयारी. सभासदत्व समिती तो तपासते. उभं राहायचं तर सभासद हवं, मत द्यायचं तर निवडणूक जाहीर झाली त्या दिवशी सभासद असायला हवं.

खानापूर_डीटीपी
म्हणजे चार वर्षं काम करून मी यादीतच नाही?

मलप्रभा_काठ
काम वाया गेलेलं नाही, त्याच नोंदी अर्जाला लागतील. पण या खेपेला नाही जमणार. वाईट वाटलं खरंच.

चिकोडी_मास्तर
मी पहिल्या ओळीतच म्हटलं होतं, यादीत नाव बघा.

खानापूर_डीटीपी
खरं आहे मास्तर. रात्री दुकान बंद करून सभासदत्वाचा अर्ज भरला, चार वर्षांच्या नोंदींचा दुवा जोडला. पुण्याच्या कंपनीचंही लिहिलं. नंदगड, बोर्डाचं दोन वर्षांनी बघू. तोपर्यंत 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'वाल्या शब्दांची यादी तपासणीच्या शब्दकोशासाठी करायला घेतोय. सव्वाशे झालेत. कुणाकडं जुन्या पत्रिकांतले अजून असतील तर इथंच टाका.

नंदगड_७
तऱ्हा, वऱ्हाडी, कऱ्हा, गाऱ्हाणं. रात्री अजून पाठवतो.