अनोळखी लोकांना घरी जेवायला वाढतो, पैसे किती आणि कसे घ्यावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेलं वर्षभर आम्ही माहीमच्या घरी महिन्यातून एका रविवारी दहा अनोळखी माणसांना जेवायला वाढतो. हल्ली याला सपर क्लब म्हणतात. आमचं दुपारचं असतं आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई (वय ७१), त्याला 'रविवारची पंगत' म्हणतात. जेवण आमच्या सीकेपी घरातलं. सोड्याची खिचडी, डाळिंब्यांचं बिरडं, कोलंबीचं भानोलं, एखादं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि शेवटी खाजाचे कानवले किंवा निनावं. इन्स्टाग्रामवर तारीख टाकते, लोक मेसेज करतात, मी पत्ता पाठवते. जेवून निघताना माणशी ६५० रुपये देतात.

गेल्या महिन्यात जे झालं त्यावरून हा धागा काढतेय.

गुरुवारी रात्री वाल भिजत घातले, शुक्रवारी सकाळी फडक्यात बांधले, शनिवारी दुपारी कोमट पाण्यात टाकून आई आणि मी सोलायला बसलो. आई अंगठा आणि तर्जनीत वाल धरून एवढासाच दाब देतात आणि डाळिंबी मोडासकट अख्खी बाहेर येते. माझ्या हातून दहातल्या दोन फुटतात. फुटलेल्या त्या वेगळ्या वाटीत टाकतात, रात्रीच्या आमटीला. पाहुण्यांच्या पानात फुटकी डाळिंबी जात नाही. रविवारी पहाटे सहाला उठून गरम भाकऱ्यांपर्यंत सगळं वेळेत झालं, आणि दहापैकी तीनजण आलेच नाहीत. एकाचा पावणेदोनला मेसेज आला की आज जमणार नाही. बाकी दोघांचा फोन बंद. तीन मांडलेली ताटं आईंनी स्वतः उचलली. काही बोलल्या नाहीत, त्यांच्या वाटणीचं भानोलं संध्याकाळी शेजारी नेऊन दिलं.

दुसरी गोष्ट पैशांची. निघताना एका पाहुण्यांनी दारात पाकीट काढून विचारलं, "काकू, किती झाले?" आई सरळ आत निघून गेल्या. नंतर म्हणाल्या, "घरी जेवलेल्या माणसाकडून पैसे मोजून घ्यायचे, हे मला नाही गं जमत." मलाही जमत नाही. पण आता किराणा घरखर्चातून जातो की पंगतीतून, हेच कळेनासं झालंय.

दहा माणसांचा खर्च साधारण असा: सोडे आणि मासळी १९००, नारळ-तांदूळ-वाल-किराणा १२५०, भाजी, फळं आणि गोडाचं सामान ७५०. एकूण ३९००.

आणखी तीन अडचणी आहेत. सोसायटीच्या कमिटीकडे कोणीतरी पत्र दिलंय की आमच्याकडे अनोळखी लोकांची ये-जा असते. एकदा एका मुलीने जेवायला बसल्यावर सांगितलं की तिला कोलंबी चालत नाही, ओठ सुजतात, आणि पाच पदार्थांतले दोन तिच्यापुढून उचलावे लागले. आणि एक पाहुणे पिशवीतून बिअर घेऊन आले होते, "इथे घेतली तर चालेल ना?" म्हणून. मी नाही म्हटलं, पण सगळ्या टेबलाचाच विरस झाला.

ज्यांनी असं काही केलंय, त्यांनी सांगा. पैसे किती, कधी आणि कोणी मागायचे? बंद करायचं नाहीये. आईंचा रविवार फार छान जातो, नवीन माणसांना त्या बिरड्याबद्दल सांगत बसतात.

लालबागची लेक

ताई, धागा वाचून माझी आजी आठवली. तिची लालबागला खानावळ होती, दहा बाय बाराच्या खोलीत. गिरणीत काम करणारे, बायकामुलं गावी असलेले वीस-बावीस जण दोन वेळा जेवायला यायचे. सगळे आधी अनोळखीच होते. गिरणीचा पगार झाला की पैसे द्यायचे आणि आजी वहीत लिहायची. गिरणगावात अशा घरोघरी खानावळवाल्या होत्या. सावकाराकडून व्याजाने पैसे घेऊन त्या महिना काढायच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, या बायकांना एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँकेला पटवावं लागलं होतं की हा धंदा आहे, कारण घरात चुलीपुढे बसलेल्या बाईच्या कामाला कोणी धंदा म्हणत नव्हतं.

हे सांगायचं कारण, तुमचा ३९०० चा हिशोब मी दोनदा वाचला. त्यात सोडे आहेत, नारळ आहेत. तुम्ही आणि तुमच्या सासूबाई कुठे आहात? दोघींचे तास लिहा बघू, बाजारापासून ओटा पुसेपर्यंत.

धागाकर्ती

लिहिते. आई: शनिवारी वाल अडीच तास, संध्याकाळी खोबरं आणि कानवले चार तास, रविवारी स्वयंपाक साडेपाच, वाढणं दोन. चौदा झाले. मी: गोपी टँक मंडई आणि वाणी तीन तास, वाल अडीच, शनिवार संध्याकाळ तीन, रविवारी साडेपाच, वाढणं आणि आवरणं चार. अठरा.

लालबागची लेक

म्हणजे बत्तीस तास. दहाच्या दहा आले असते तर ६५०० मधून ३९०० जाऊन २६०० उरतात, म्हणजे तासाला ८१ रुपये. सात आले, ४५५० जमले, उरले ६५०. तासाला वीस रुपये झाले हो ताई. त्यातही गॅस आणि भांडीवाल्या मावशींचे जादा पैसे मी धरलेले नाहीत.

माझं स्पष्ट मत: आठच माणसं घ्या आणि माणशी १२०० लावा. ९६०० येतील. सामानाला ३२०० आणि मावशींना ६०० गेले, तरी ५८०० राहतात. त्यातले सासूबाईंचे त्यांच्या हातात वेगळे द्या, घरखर्चात मिसळू नका. आजीच्या वहीत तिचा स्वतःचा पगार कधीच लिहिलेला नव्हता, आणि ते मला आजही लागतं.

गोरेगावचा यजमान

मी आणि बायको तीन वर्षं आमच्याकडे सारस्वती जेवण वाढतोय. तुमची दारातली अडचण आमचीही होती. आता पूर्ण पैसे आधी, यूपीआयने. ज्या दिवशी पैसे येतात त्या दिवशी जागा पक्की, तोवर नाही. जेवणाच्या दिवशी पैशाचा विषयच निघत नाही, त्यामुळे सासूबाईंना आत जावं लागणार नाही. ४८ तास आधी कळवलं तर पैसे परत, नंतर नाही, पण स्वतःऐवजी दुसरं कोणी पाठवता येतं. हा नियम लावल्यापासून आमचं एकही ताट रिकामं राहिलेलं नाही.

पत्त्याबद्दल मात्र जरा सांभाळा. पोस्टमध्ये फक्त 'माहीम' लिहा. इमारत आणि मजला पैसे आल्यावर आदल्या दिवशी. प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि नंबर घ्या, नुसत्या इन्स्टा खात्यावर विसंबू नका. फोनवर दोन मिनिटं बोलून घ्या. माणूस कसा आहे हे त्यात बरंच कळतं. आम्ही दोनदा बोलण्यावरूनच नाही म्हटलंय. फोटो काढा म्हणावं, पण दाराची पाटी आणि इमारतीचं नाव नको.

एका गटाला चारपेक्षा जास्त जागा देऊ नका. सहा मित्र एकत्र आले की बाकी दोघं पाहुण्यांसारखे कोपऱ्यात बसतात. कुलाब्यात मुनाफ कपाडियांनी आईच्या हातच्या जेवणावर 'द बोहरी किचन' उभं केलं, त्याची सुरुवात घरातल्या थाळापासूनच झाली. थाळाभोवती सगळे एकत्र बसून एकाच ताटातून जेवतात, त्यामुळे अनोळखीपणा फार वेळ टिकत नाही. तुमच्या घरात पंगत आहे, तर खरोखर जमिनीवर समोरासमोर दोन रांगा करून बघा. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची द्या.

सोसायटीचा माजी सेक्रेटरी

वहिनी, तुमच्या कमिटीचं चुकलं असं म्हणणार नाही. फ्लॅट राहण्यासाठी असतो आणि अनोळखी माणसं दर महिन्याला लिफ्टमध्ये दिसली तर म्हाताऱ्या सभासदांना काळजी वाटते. पत्राला उत्तर म्हणून पत्र नको. चेअरमनना भेटा आणि लेखी द्या: महिन्यातून एकदा, आठ माणसं, साडेबारा ते साडेतीन, सगळ्यांची नावं आदल्या दिवशी गेटवर, गाडी आत आणणार नाही, संगीत नाही. आमच्याकडे एकाने असं दिलं होतं आणि सर्वसाधारण सभेत कोणी हरकत घेतली नाही. नाही म्हणाले तर मात्र ऐकावं लागेल, हेही धरून चला.

गॅस: घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही, व्यावसायिक १९ किलोचा वेगळा येतो. पाइप गॅस असेल तरी घरगुती जोडणी घरासाठीच असते. पंगतीचा स्वयंपाक कशावर करायचा ते पुरवठादाराला विचारून ठरवा.

महापालिका: उपाहारगृहाला मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३९४ खाली परवाना लागतो. महिन्यातून एका जेवणाचं काय, ते तुमच्या, म्हणजे जी-उत्तर विभाग कार्यालयाच्या आरोग्य खात्यात लेखी विचारा आणि पोच घ्या. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

बिअरला नाही म्हटलंत ते बरोबर केलंत. परवान्याशिवाय पैसे घेऊन चाललेल्या जेवणात दारू आली की महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ मध्ये अडकाल. पाहुण्यांना बुकिंगच्या वेळीच कळवा, म्हणजे टेबलावर वाईटपणा यायचा नाही.

अन्न तंत्रज्ञ, मुलुंड

आधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी. घरून अन्न विकणाऱ्यालाही अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ लागू होतो. मी बहिणीची केली तेव्हा बेसिक नोंदणी वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी होती, फी वर्षाला १०० रुपये, त्यांच्या फॉस्कॉस या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पोस्टवर टाका.

त्या मुलीचा प्रसंग हलका घेऊ नका. ओठ सुजणं ही सुरुवात असते, पुढे श्वास अडकू शकतो. कोलंबीची ॲलर्जी असणाऱ्याला सोडेही चालत नाहीत, कारण सोडे म्हणजे सोललेली सुकवलेली कोलंबीच. लोकांना हे माहीत नसतं, सुकं म्हणजे वेगळं समजतात. तुमच्याकडे खिचडीत सोडे आणि भानोल्यात कोलंबी, म्हणजे अर्धं जेवण तेच. पैसे घेण्याआधी विचारा: कोलंबी, खेकडा, मासे, शेंगदाणे, दूध, गहू यातलं काय चालत नाही? उत्तर लिहून घ्या. कोलंबीची ॲलर्जी असेल तर मी त्यांना या पंगतीला बोलवणारच नाही. एकाच ओट्यावर, एकाच पळीने सगळं होतं, वेगळं ठेवण्याची हमी घरात देता येत नाही.

खिचडी झाल्यापासून वाढेपर्यंत गरमच हवी, ६० अंशांच्या वर. तासभर आधी करून झाकून ठेवायची आणि कोमट वाढायची हे मुंबईच्या हवेत नको. नारळाच्या दुधाची सोलकढी पाहुणे यायच्या अर्धा तास आधी काढा आणि फ्रिजमध्ये ठेवा. उरलेली दुसऱ्या दिवशी कोणालाही देऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चेअरमन काका परवा भेटले. लेखी द्या म्हणाले, महिन्याच्या सभेत ठेवतो. विभाग कार्यालयात पत्र दिलं, पोच घेतली. नोंदणीचा अर्जही केलाय. सभेचा निर्णय आणि कार्यालयाचं उत्तर येईपर्यंत पोस्ट टाकणार नाही.

सगळीकडून होकार आला तर पुढची पंगत जूनमध्ये. तेव्हा मासेमारी बंद, म्हणून कालवण वगळून भानोलं कोबीचं करू. सोडे घरात भरलेले आहेतच. आठ माणसं, १२००, पैसे आधी.

लालबागच्या ताई, तुमचा तासांचा हिशोब मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात उतरवला आणि काल रात्री आईंपुढे ठेवला. मला वाटलं, रागावतील. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, बोट ठेवत ठेवत, दोनदा. मग म्हणाल्या, "आणि सोडे निवडले, डोकी-शेपट्यांचे तुकडे काढले, तीन पाण्यांनी धुतले, ते कुठे लिहिलंयस?"

ते मी धरलंच नव्हतं. चौदाचे सोळा केलेत.