बॉम्बवर्षावातून रणगाड्यात : एका तरुणाच्या युद्धकालीन आयुष्याचा मधला दुवा कोणता?

शाहूपुरीतील वाचक

सर्वांना नमस्कार. पुढील महिन्यात आमच्या वाचक मंडळात मला दुसऱ्या महायुद्धातील एका सामान्य ब्रिटिश तरुणाविषयी तासभर बोलायचे आहे. हा तरुण कोणी नामवंत नाही. १९२४ च्या सुमारास जन्मलेल्या, सोळाव्या वर्षी आपल्या शहरावर बॉम्ब पडताना पाहिलेल्या आणि १९४४ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरील प्रदेशात रणगाड्यात बसून लढलेल्या अनेकांच्या आठवणी वाचून मी त्याचे चित्र उभे करीत आहे.

अडचण अशी आहे की, बॉम्बवर्षावाविषयी भरपूर वाचायला मिळते, नॉर्मंडीविषयीही मिळते. परंतु मधली चार वर्षे बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकलेली असतात. घर पडले, शेजारी मेले, म्हणून मुलगा सुडाने पेटला आणि रणगाड्यात जाऊन बसला, अशी ती मांडणी असते. मला ती अपुरी वाटते, कारण सुडाची भावना तीव्र असली तरी तेवढ्यावर कोणी रणगाड्याचा गनर, म्हणजे तोफ डागणारा, होत नाही. या मुलाने रणगाडा स्वतः निवडला होता का? तेथवर तो कसा पोहोचला? आणि आत बसल्यावर त्याच्या वाट्याला नेमके कोणते काम येत असे? आपल्या भागात लष्करी परंपरा मोठी आहे, त्यामुळे येथे जाणकार उत्तर मिळेल अशी आशा आहे.

इतिहास शिक्षिका, राजारामपुरी

आपली शंका रास्त आहे. त्या मुलाला रणगाड्यापर्यंत नेले ते प्रामुख्याने कायद्याने आणि सरकारी यंत्रणेने. ३ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारले त्याच दिवशी, १८ ते ४१ वयाच्या पुरुषांना सक्तीच्या लष्करी सेवेस पात्र ठरविणारा कायदा तेथील संसदेने संमत केला. आरंभी थोडी मोठी मुले आधी बोलावली गेली, परंतु १९४२ पर्यंत बोलावण्याचे वय अठरावर आले होते. आपला तरुण नेमका त्याच वर्षी अठरा पूर्ण करतो.

तोपर्यंत तो नुसता आसऱ्याला बसून राहिला, असे मात्र दाखवू नये. माझ्या मते आपल्या व्याख्यानाचा गाभा येथेच आहे. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले आणि मे १९४१ पर्यंत देशभरात चाळीस हजारांहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. १४ नोव्हेंबर १९४० च्या एका रात्रीत कॉव्हेंट्री शहरात पाचशेहून अधिक माणसे गेली आणि तेथील मध्ययुगीन कॅथेड्रल जळून केवळ भिंती उरल्या. ज्यांच्या घरामागे जागा होती ती कुटुंबे नालीदार पत्र्याचा, अर्धा जमिनीत पुरलेला अँडरसन निवारा उभारून त्यात रात्र काढीत, आणि लंडनमध्ये हजारो लोक भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपत. अशा वेळी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना खरी कामे दिली जात. टेलिफोनच्या तारा तुटल्या की नागरी संरक्षण दलाचे निरोप सायकलवरून पोहोचविणारी हीच मुले असत. जर्मन विमाने मोठ्या बॉम्बबरोबर साधारण एक किलो वजनाचे आगलावे बॉम्बही शेकड्यांनी टाकीत. ते छतावर पडताच वाळू व हातपंपाने विझविले नाहीत तर संपूर्ण रस्ता पेटत असे. त्यामुळे १९४१ पासून छतावरील पहारा सक्तीचा झाला आणि त्यासाठी सोळा वर्षांपासूनच्या पुरुषांची नोंद होऊ लागली. सतराव्या वर्षी होमगार्ड या स्थानिक संरक्षणासाठीच्या स्वयंसेवक दलात जाता येई, तेथे रायफल हाती मिळे. म्हणजे लष्कराचे बोलावणे आले तेव्हा हा मुलगा मृत्यू पाहिलेला, रात्रपाळीची सवय झालेला आणि हुकूम ऐकायला शिकलेला होता.

निवडीचे म्हणाल, तर ती त्याच्या हाती फारशी नव्हती. जुलै १९४२ पासून प्रत्येक नव्या जवानाला प्रथम जनरल सर्व्हिस कोअर या नव्या भरतीच्या सामायिक दलात सहा आठवडे प्राथमिक प्रशिक्षण मिळे. त्या काळात बुद्धी, यंत्रज्ञान आणि हातांचे कौशल्य यांच्या चाचण्या होत आणि त्यानुसार पायदळ, तोफखाना किंवा रणगाडा दल ठरे. गॅरेजमध्ये काम केलेला किंवा वायरलेसची आवड असलेला मुलगा रॉयल आर्मर्ड कोअर या रणगाडा दलाच्या उपयोगाचा ठरे आणि मग त्याची रवानगी बोव्हिंग्टन किंवा कॅटरिक येथील प्रशिक्षण केंद्रात होई. डिसेंबर १९४३ नंतर तर बोलावलेल्यांपैकी साधारण दहातील एकाला, नोंदणी क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून चिठ्ठी काढून, थेट कोळशाच्या खाणीत पाठविले जाई. कितीही सूड घ्यावासा वाटला तरी अशी चिठ्ठी निघालेल्या मुलाला रणगाडा मिळणार नव्हता!

निवृत्त रिसालदार, सैनिक टाकळी

बाईंनी वाट अचूक सांगितली आहे. मी रणगाड्याच्या आतील बाजू सांगतो. मी भारतीय लष्कराच्या आर्मर्ड कोअरमध्ये ड्रायव्हर होतो आणि नगरच्या केंद्रात शिकलो. आमच्या टी-७२ रणगाड्यात तीनच माणसे असत, कारण गोळा भरण्याचे काम यंत्र करते. नॉर्मंडीत ब्रिटिशांनी वापरलेल्या अमेरिकी बनावटीच्या शर्मन रणगाड्यात पाच जण असत. वर टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात, कमांडर, गनर आणि गोळा भरणारा लोडर, तर खाली पुढे ड्रायव्हर व सहड्रायव्हर. ब्रिटिश क्रूमध्ये लोडरच वायरलेस सांभाळीत असे, त्यामुळे सुमारे नऊ किलोचा गोळा तोफेत भरता भरता कानावर येणारे हुकूमही त्यालाच ऐकावे लागत.

श्रोत्यांना एक गोष्ट अवश्य सांगा. बाहेरून रणगाडा दिसतो त्याच्या उलट आत बसलेल्या माणसाला फार थोडे दिसते. गनरला पेरिस्कोप आणि दुर्बिणीतून दिसणाऱ्या तुकड्यापलीकडे काही दिसत नाही आणि लोडरला त्याहून कमी. इंटरकॉमवर येणारा कमांडरचा आवाज हाच त्यांचा आधार. बाकीचे सगळे पाहण्यासाठी कमांडरला डोके बाहेर काढून उभे राहावे लागे, आणि म्हणूनच त्यांच्यातील कितीतरी जण डोक्याला गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा लागून गेले.

दुसरी गोष्ट बाहेर पडण्याची. सुरुवातीच्या शर्मनच्या टरेटला एकच झाकण होते, ते कमांडरच्या डोक्यावर. आग लागली की तिघांना त्याच वाटेने निघावे लागे. तोफ विशिष्ट कोनात थांबली असेल तर ड्रायव्हरचे झाकणही अडत असे. शर्मन पेट्रोलमुळे पेटतो असा सर्वत्र समज आहे, परंतु मुख्य आग आत साठविलेल्या गोळ्यांच्या दारूची असे. मी ड्रायव्हर होतो, म्हणून सांगतो : सरावातसुद्धा आपले झाकण उघडते की नाही हे प्रत्येक जण रोज स्वतःच्या हाताने पाहतो. ते कोणाला शिकवावे लागत नाही.

लढाईचा दिवस संपला तरी काम संपत नसे. जून-जुलैत तेथे अंधार जेमतेम पाच-सहा तास असतो. अंधार पडल्यावर रणगाडे मागे एकत्र यायचे, मग इंधन भरणे, गोळे चढविणे, पट्टे तपासणे आणि पाळीने पहारा. उजाडण्याच्या आधी पुन्हा पुढे. झोपेला दोन-तीन तास मिळाले तर पुष्कळ. कापलेल्या डब्यातील वाळूवर पेट्रोल ओतून त्यावर चहा करीत, आणि त्या चहासाठी ती मुले काहीही सोसायला तयार असत.

गांधीनगर येथून एक सदस्य

दोन मुद्दे जोडावेसे वाटतात. नॉर्मंडीत सैन्य ६ जून १९४४ रोजी उतरले आणि १३ जूनला लंडनवर पहिला व्ही-१ हा वैमानिकाविना उडणारा बॉम्ब पडला. म्हणजे मुलगा आघाडीवर असताना त्याची आई पुन्हा बॉम्बखाली होती, आणि तिच्या पत्राची वाट पाहणारा तो होता. सैनिक संकटात आणि घर सुरक्षित, या आपल्या नेहमीच्या कल्पनेच्या हे अगदी विरुद्ध आहे. आपल्या मांडणीत या पत्रांना जागा द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरे असे की, कोल्हापूरला हा विषय परका नाही. आमच्या गावाशेजारी वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, आणि महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ त्यांच्याच आठवणीचा आहे. तेथे मुख्यतः स्त्रिया, मुले व वृद्ध होते, कारण घरातील अनेक पुरुष जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यात होते. हे सैन्य मे १९४४ मध्ये इटलीतील मोंटे कॅसिनो येथे लढले आणि त्यात शर्मन रणगाड्यांची ब्रिगेडही होती. श्रोत्यांना पंचगंगेच्या खोऱ्यातून त्या युद्धाकडे पाहता येईल.

शाहूपुरीतील वाचक

सर्वांचे मनापासून आभार. वळिवड्याचा धागा मी नक्की घेणार आहे. रिसालदार साहेब, एकच विचारायचे राहिले. रणगाडा उडाला आणि क्रू वाचला, तर त्यांना घरी पाठवीत का?

निवृत्त रिसालदार, सैनिक टाकळी

जखमी नसेल तर नाही. मागे राखीव रणगाडे तयार ठेवलेले असत आणि वाचलेल्यांना बहुधा दुसरा रणगाडा देऊन पुन्हा पुढे पाठवीत. क्रू मात्र तोच राहत नसे. कोणी रुग्णालयात, कोणी दफन झालेला, आणि त्याच्या जागी नुकताच आलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. त्यामुळे आपल्या व्याख्यानात शेवटपर्यंत तेच पाच मित्र दाखवू नका. जुन्यांनी नव्याला एका दिवसात किती शिकविले आणि काय शिकवायचे राहिले, ते त्या आठवणींत शोधा.