बिंदुमेघांची ‘नोंदणी’ की ‘जुळवणी’?

प्रश्न : त्रिमितीय मोजमापाविषयीच्या एका मराठी टिपणात ‘बिंदुमेघांची नोंदणी’ असा प्रयोग वाचला. आमच्या चामोर्शी तालुक्यात नोंदणी म्हटले की दस्त आणि सातबाराच आठवतो. ‘रजिस्ट्रेशन’च्या या अर्थासाठी कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. समजा, आपल्याच तालुक्यातील मार्कंड्याच्या मंदिराचे जमिनीवरून लेसर स्कॅनरने मोजमाप घेतले आणि शिखरासाठी ड्रोनने छायाचित्रे काढली. दोन्हींतून बिंदुमेघच, म्हणजे पृष्ठभागावरील असंख्य बिंदूंच्या त्रिमितीय स्थानांचा संच, मिळतो. परंतु स्कॅनर अंतर थेट मोजतो, तर छायाचित्रांतील बिंदू एकमेकांवर आच्छादणाऱ्या चित्रांवरून गणिताने काढलेले असतात आणि ज्ञात स्थानांचा आधार नसेल, तर त्यांचे प्रमाणही (खऱ्या आकाराशी असलेले गुणोत्तर) ठरलेले नसते. हे दोन मेघ एकाच चौकटीत असे बसवायचे, की मंदिराचा प्रत्येक कोपरा दोन्हींत एकाच जागी यावा. त्यासाठी तीन अक्षांभोवतीचे फिरवणे, तीन दिशांचे सरकवणे आणि एक प्रमाण, अशा 7 राशी शोधाव्या लागतात. दोन्ही मेघ एकाच स्कॅनरचे असते, तर प्रमाण सारखेच असल्याने 6 पुरल्या असत्या.

यात नोंद कोठेच होत नाही. ‘संरेखन’ रेषेत आणण्याचा अर्थ सुचवते, ते रस्त्याच्या आखणीला शोभेल. ‘सांगड’ हा फार सुंदर शब्द आहे, पण सांगड घातलेल्या वस्तू शेजारी राहतात, एकमेकींवर बसत नाहीत. म्हणून क्रियेसाठी ‘जुळवणी’ आणि फलितासाठी ‘जुळणी’ असे मी सुचवीन. हा भेद आवश्यक आहे, कारण जुळवणी पूर्ण होऊनही जुळणी चुकलेली असू शकते : बेसल आणि मॅके या संशोधकांनी 1992 मध्ये मांडलेली पद्धत प्रत्येक बिंदूसाठी निकटतम बिंदू शोधत मेघ पुन्हा पुन्हा सरकवते, आणि आरंभीची स्थितीच फार ढळलेली असेल, तर भलत्याच जागी स्थिरावते. स्रोत भिन्न असले, की दोन मेघांची दाटी आणि त्रुटींचे स्वरूपही भिन्न असते, त्यामुळे हा धोका वाढतो.

प्रश्न : ‘जुळवणी’ पटली. मग दोन्ही मेघांत एकच स्थान दाखवणाऱ्या बिंदूंना ‘समरूप’ म्हणावे का?

उत्तर : नाही. भूमितीत ‘समरूप’चा अर्थ ठरलेला आहे. शालेय पुस्तकांतील ‘संगत कोन’ आपल्या परिचयाचे आहेत, त्याच धर्तीवर ‘संगत बिंदू’ म्हणावे. ते ओळखण्याच्या क्रियेला मात्र ‘खूण पटणे’ हा आपला जुना प्रयोग मला सर्वांत नेमका वाटतो. वावराचे उन्हाळ्यातील आणि खरिपातील मोजमाप जुळवताना धुऱ्यावरील दगडाची खूण पटते. तुरीच्या शेंड्याची पटत नाही, कारण तो मधल्या काळात उगवून वाढलेला असतो.