मदत हवी आहे: लेआउटमधला रस्ता नगरपरिषदेकडे कसा वर्ग करायचा?

नमस्कार मंडळी,

मुंबईला लोकलने जा-ये करणाऱ्यांचं आमचं छोटं शहर. 'क' वर्ग नगरपरिषद, म्हणजे वस्ती ४० हजारांच्या आत. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथे अजून कामं आहेत! आमचा लेआउट रो-हाऊसचा. रस्त्यावरच्या दिव्यांचं मीटर बिल्डरच्या नावावर होतं. त्याने बिल थकवलं, मीटर गेलं. आता क्लासहून येणारी पोरं मोबाइलचा टॉर्च लावून घर गाठतात. घंटागाडी कमानीपाशीच थांबते, कारण आतल्या खड्ड्यांत तिचं बूड टेकतं.

बांधकाम विभागाचं उत्तर ठरलेलं: "रस्ता हस्तांतरित नाही, खासगी जागेवर निधी टाकता येत नाही." नियमाला धरून आहे, मान्य. पण घरपट्टीच्या बिलात वृक्षकर, अग्निशमन कर न चुकता येतो, तेव्हा जागा कोणाची हे कोणी विचारत नाही. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत आलेले नगरसेवक उत्साही आहेत, तेही म्हणतात, आधी रस्ता नावावर चढवा, मग सभेत विषय आणतो.

घोडं इथेच अडलंय. रस्त्याचा सातबारा मूळ जमीनमालकाच्या नावावर. ते वारले, वारस चार गावी. बिल्डर फोन उचलत नाही. सोसायटी नोंदलेली आहे, पण कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करून देणं, झालेलं नाही. मग रस्त्याचा ताबा नगरपरिषदेला दिल्याच्या पावतीवर सही करायची कोणी? १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली खासगी रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करता येतो असं एका वकिलांनी सांगितलं, तसं कोणी करून घेतलंय का? आणि ओपन स्पेसही सोबत देऊन टाका असा आमच्या कमिटीतल्या काकांचा आग्रह आहे. द्यावी का?

प्रतिसाद:
ताई, आधी मंजूर रेखांकन (लेआउटचा नकाशा) आणि बिनशेती (एनए) आदेश हातात घ्या. मिळत नसतील तर माहिती अधिकारात मागा, १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. रेखांकन घेऊन नगररचना विभागात जा आणि तुमचा रस्ता विकास आराखड्यात दाखवलाय का ते बघा. असेल तर सगळं प्रकरणच बदलतं.

वारसांच्या मागे पळत बसू नका. जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डर-मालकाने करून दिलं नाही तरी आदेशाने होणारं कन्व्हेयन्स) नमुना ७ मध्ये अर्ज करा. बिल्डर-वारसांना नोटीस निघते. ते फिरकले नाहीत तरी आदेश होऊ शकतो. जागा सोसायटीच्या नावावर आली की सही अध्यक्ष-सचिवांची. वेळ लागतो, पण पुढे कोणी वारस उठून आडवा येत नाही.

ओपन स्पेस मात्र अजिबात देऊ नका. ती लेआउटमधल्या रहिवाशांच्या सामाईक वापरासाठी असते. उद्या तिथे काय उभं राहील ते तुमच्या हातात उरणार नाही. काकांना समजवा!

मूळ धागाकर्ती:
धन्यवाद दादा! बिनशेती आदेशाची प्रत शेजाऱ्यांच्या खरेदीखताला जोडलेली निघाली. त्यात अट आहे की अंतर्गत रस्ते "विकसित करून" विनामूल्य वर्ग करावेत. म्हणजे डांबर, गटार, दिवे आधी आम्हीच वर्गणी काढून करायचे? की आहे त्या अवस्थेत ताबा घेतल्याचं कोणाकडे उदाहरण आहे? ठरावाची प्रत असेल तर फार उपयोग होईल, रविवारी आमची विशेष सभा आहे.