पी०१७१ कोड परत परत येतोय: ऑक्सिजन सेन्सर बदलू की आधी दुसरं काही तपासू?

कृष्णाकाठ:
मंडळी, जरा मदत हवी आहे.

गाडी २०१५ ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, बीएस४, ९० हजारांच्या पुढे चाललेली. बहुतेक कराड-कोल्हापूर हायवे. पावसाळ्यानंतर चेक इंजिनचा दिवा लागायला लागला. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर लावला तर कोड एकच, पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन. पुसला की काही दिवसांत परत हजर.

वर्कशॉपवाल्यांनी कोड वाचला आणि बॉनेट न उघडताच निकाल दिला: "ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेलाय, पुढचा-मागचा, म्हणजे कॅटलिस्टच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही टाका." खर्च दहा हजारांच्या घरात. पैसे घालायला हरकत नाही, पण दिवा परत लागला तर काय?

इंजिन पूर्ण गरम असतानाचं लाइव्ह रीडिंग (ट्रिम म्हणजे ईसीयू, गाडीचा कॉम्प्युटर, पेट्रोल किती टक्के वाढवतोय ते):
आयडलला लाँग टर्म ट्रिम +२१, शॉर्ट टर्म +३ ते +६.
२५०० आरपीएमला लाँग टर्म +६, शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास.
पुढचा सेन्सर ०.१ ते ०.८ व्होल्ट सारखा वर-खाली. मागचा ०.६५ ला स्थिर.

ॲव्हरेज १७ वरून १४ वर आलाय. प्लग काढले तर चारही काळे, कोरडी काजळी. इथेच डोकं चालेनासं झालं. लीन म्हणजे पेट्रोल कमी ना? मग काजळी कुठून? सकाळी स्टार्ट केल्यावर थोडा वेळ टिकटिक आवाज येतो, तापल्यावर जातो. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) असतील असं सगळे म्हणतात.

रेडलाइन_नाना:
व्हॅक्यूम होज बघा. रबर कडक होऊन चिरतं. आयडलला ट्रिम जास्त आणि रेस दिली की कमी, म्हणजे हवा कुठून तरी आत शिरतेय.

पाना_दहा_बारा:
सेन्सर घेऊ नका, थांबा. सेन्सर खराब आहे असं पी०१७१ म्हणतच नाही. धुरात ऑक्सिजन जास्त दिसतोय, पेट्रोल वाढवून वाढवून ईसीयू थकला, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या सेन्सरचं स्वतःचं दुखणं असेल तर साधारण पी०१३० ते पी०१३५ मधलं काहीतरी येतं. हीटर जळाला तर पी०१३५. तुमचा तर ०.४५ च्या दोन्ही बाजूंना नाचतोय, ठणठणीत आहे. खात्रीच करायची तर गरम इंजिनाला एकदा दणकून रेस मारा आणि सोडा. रेसला ०.८-०.९ वर जायला हवा, सोडल्यावर इंजेक्टर क्षणभर बंद होतात तेव्हा ०.१ च्या खाली. आळसावून चढला-उतरला तरच सेन्सरवर संशय. मागचा का बदलायला सांगितला ते देव जाणे, ०.६५ ला स्थिर म्हणजे कॅटलिस्टही (सायलेन्सरच्या पाइपमधला धूर साफ करणारा भाग) बरा आहे.

नाना, होजचं बरोबर, पण गाडीत आत येणारी हवा थेट मोजणारा एअर फ्लो सेन्सर आहे की फक्त मॅप, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब मोजणारा सेन्सर? मॅपवाल्या गाडीत आत शिरलेली हवा मॅनिफोल्डच्या दाबात मोजली जाते, त्यामुळे बहुतेक वेळा आयडल चढतं, ट्रिम एवढं पळत नाही.

कृष्णाकाठ:
फक्त मॅप. आयडल ७५० ला, हलत नाही.

पाना_दहा_बारा:
मग काळे प्लग हाच पुरावा धरा. मिश्रण खरोखर लीन असतं तर प्लग पांढरट दिसले असते. इथे सेन्सरची फसगत होतेय. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांची) गॅस्केट, म्हणजे जोडातली सीलची पट्टी, किंवा सेन्सरच्या आधीचा जोड फुटला असेल. धूर ठोक्याठोक्याने बाहेर पडतो, दोन ठोक्यांच्या मध्ये दाब पडला की फटीतून बाहेरची हवा आत. ती हवा सेन्सरला दिसते, ईसीयू पेट्रोल ओततो, प्लग काळे, ॲव्हरेज खाली. रेस दिली की धुराच्या मानाने ती हवा किरकोळ होते, म्हणून ट्रिम खाली येतं. आणि ती टिकटिक टॅपेटची नसावी. तापल्यावर लोखंड फुगून फट बारीक होते, आवाज जातो, पण फट पूर्ण मिटत नाही.

२५०० चं +६ मनाला लावून घेऊ नका. ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) शुद्ध पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं, जुनी बीएस४ गाडी ते ट्रिममध्येच दाखवते.

तपासणी थंड इंजिनावर. व्हॅक्यूम क्लीनरचा फुंकणारा पाइप सायलेन्सरच्या तोंडाला कापड गुंडाळून लावा, मॅनिफोल्डवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे कुठे येतात ते बघा.

कृष्णाकाठ:
सापडलं! हीट शील्ड काढल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या पोर्टखाली काजळीचा काळा ओघळ, बुडबुडेही तिथेच. खालच्या स्टडचा नटच गायब आहे. नुसता नट टाकून भागेल का?

पाना_दहा_बारा:
नाही, गॅस्केट जळली असणार, नवीनच टाका. मॅनिफोल्ड उतरल्यावर त्याच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून वाकलाय का बघा, वाकला असेल तर फेसिंग करून (तोंड घासून सपाट करून) घ्या. बाकीच्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टड तुटला तर सेन्सरपेक्षा महाग पडेल.

रेडलाइन_नाना:
आणि काम झाल्यावर कोड पुसून ट्रिमचे आकडे इथे टाका राव, आम्हालाही बघायचेत.